४९५ मतांची रात्र

मतपत्रिका उताणी ठेवायची, पाठ बघायची नाही. मोजणीच्या टेबलाशी बसल्यावर सुपरवायझरनी सांगितलेली ही पहिली गोष्ट. ब्रिटनमध्ये प्रत्येक मतपत्रिकेच्या पाठीवर एक क्रमांक असतो आणि तो मतदाराच्या यादीतल्या क्रमांकासमोर केंद्रावर लिहून ठेवलेला असतो. ती यादी सीलबंद राहते, न्यायालयाच्या हुकमाशिवाय उघडत नाही. तरी मोजणाऱ्याने पाठ पाहू नये हा नियम. आम्ही चाळीसेक माणसं रात्रभर तो पाळत होतो आणि मला त्याचं फार अप्रूप वाटत होतं.

गुरुवार, २० जुलै २०२३. हुजूर पक्षाचे माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी जूनमध्ये खासदारकी सोडली, म्हणून पश्चिम लंडनमधल्या अक्सब्रिज आणि साउथ रुइस्लिप या मतदारसंघात पोटनिवडणूक लागली होती. मी इथेच राहते, एका छोट्या कंपनीत हिशेब लिहिते. मोजणीला माणसं हवीत असं कळलं तेव्हा नाव देऊन टाकलं. पासपोर्ट अजून भारतीय आहे. पण इथे कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकाला संसदेच्या निवडणुकीत मतदान करता येतं, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसतं. त्या वर्षीपासून केंद्रावर फोटोचं ओळखपत्र दाखवावं लागत होतं. सकाळी मी आपला निळा पासपोर्ट दाखवला, बाईंनी नाव शोधलं, लांबलचक मतपत्रिका दिली. दोरीला बांधलेली पेन्सिल घेऊन फुली मारली. बोटाला शाई नाही. बाहेर आल्यावर सवयीने बोट मात्र पाहिलंच.

लांबलचक म्हणजे खरोखरच लांब. सतरा उमेदवार होते. काउंट बिनफेस नावाचा, डोक्यावर कचऱ्याचा डबा घालून फिरणारा उमेदवारही त्यात होता. ५०० पाउंड अनामत भरली की कुणालाही उभं राहता येतं. पाच टक्क्यांहून जास्त मतं मिळाली तरच ती परत मिळते. त्या रात्री सतरांपैकी पंधरा जणांची गेली.

दहाला मतदान संपलं आणि साउथ रुइस्लिपच्या क्वीन्समीड स्पोर्ट्स सेंटरमध्ये पेट्या येऊ लागल्या. आधी नुसत्या कागदांची गणती: केंद्राने इतक्या मतपत्रिका दिल्या म्हणतात, पेटीत तितक्याच आहेत का? हे जुळल्याशिवाय कुणाला किती मतं पडली हे कुणी मोजत नाही. हिशेबाच्या माणसाला ही शिस्त लगेच पटते. मग उमेदवारवार वाटणी, गठ्ठे, गठ्ठ्याला रबर. समोर हातभर अंतरावर पक्षांचे प्रतिनिधी उभे. त्यांना कागदाला हात लावायची मुभा नाही, डोळे मात्र आमच्या बोटांवर. प्रत्येकाच्या हातात पाटी, त्यावर रेघा मारणं चाललेलं. पहिल्या तासाभरात मला कळलं की निकाल वाचायचा तर कागदांपेक्षा समोरच्या चेहऱ्यांवर लवकर दिसतो. मजूर पक्षाची तरुण मुलगी सुरुवातीला हसत होती. साडेबाराच्या सुमारास तिने रेघा मारणं थांबवलं आणि नुसतीच बघत राहिली.

संशयास्पद मतपत्रिका वेगळ्या काढायच्या. फुलीऐवजी बरोबरची खूण असली तरी मतदाराचा कल स्पष्ट असेल तर मत धरतात. त्यावर निवडणूक अधिकारी सगळ्या प्रतिनिधींसमोर निर्णय देतात. काही मतपत्रिकांवर लोकांनी चक्क लिहिलं होतं. काय लिहिलं होतं ते सांगणार नाही, गुप्ततेच्या नियमांचा कागद आम्हाला दिला होता आणि तो मी मानते. एवढंच सांगते की लिहिणारा माणूस चिडलेला असतो, पण तो केंद्रापर्यंत चालत आलेला असतो.

फरक इतका थोडा होता की फेरमोजणी झाली. पुन्हा तेच गठ्ठे, तेच रबर. या वेळी हॉल गप्प होता. शेवटी हुजूर पक्षाचे स्टीव्ह टकवेल १३,९६५, मजूर पक्षाचे डॅनी बील्स १३,४७०. फरक ४९५.

खरी चर्चा झाली ती नंतर, पार्किंगमध्ये. आत असताना आम्ही पक्षाचं नावही काढलं नव्हतं. आता निकाल जाहीर झाला होता, ड्यूटी संपली होती, फ्लास्कमधला शेवटचा चहा उरला होता. आमचे सुपरवायझर, बँकेतून निवृत्त झालेले इंग्रज गृहस्थ, म्हणाले, "हे मत यूलेझवरचं आहे, गाड्यांच्या त्या प्रदूषण-आकारावरचं, दुसरं काही नाही. मजूर पक्षाने हातची जागा घालवली." शेजारच्या टेबलावरची, जवळच्या हेज भागातली पंजाबी बाई म्हणाली, "हातची कुठे होती? इथे तर ते कधी जिंकलेच नाहीत. आणि दीदी, तू हिशेब करतेस ना, सांग त्यांना. सात हजारांचं किती झालं?"

मी सांगितलं. २०१९ मध्ये जॉन्सन यांचं मताधिक्य ७,२१० होतं, आता ४९५. मतांच्या टक्केवारीत जिंकलेला पक्ष आटला होता आणि हरलेला वाढला होता. पण मला तेवढ्यावर थांबता येईना, कारण सुपरवायझर म्हणत होते तेही खोटं नव्हतं.

यूलेझ म्हणजे जुन्या गाड्यांवरचा लंडनचा प्रदूषण-आकार, आणि तो वाढवणारे महापौर सादिक खान मजूर पक्षाचेच. २९ ऑगस्टपासून तो आमच्या भागापर्यंत येणार होता. जुनी गाडी, साधारण २००६ च्या आधीची पेट्रोल किंवा २०१५ च्या आधीची डिझेल, रस्त्यावर काढली की दिवसाला १२.५० पाउंड. आमच्या शेजारचा माणूस हीथ्रोवर रात्रपाळीला सामान चढवतो. त्याची जुनी डिझेल व्हॅन. रात्री नऊला निघून सकाळी सातला परतला की २५ पाउंड, कारण आकाराचा दिवस मध्यरात्री बदलतो. एका पाळीचे दोन दिवस. त्याने कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही. पण प्रचारात दोन्ही पक्षांचे लोक त्याच्या दारी आले तेव्हा हा मध्यरात्रीचा हिशेब त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हता, हे त्याने मला सांगितलं होतं. आणि दुसरीकडे आम्ही ए-४० या वाहत्या महामार्गाच्या कडेला राहतो. माझ्या मुलाच्या दप्तरात डब्याशेजारी दम्याचा निळा पंप असतो. मला ती हवा स्वच्छ हवी आहे, अगदी मनापासून हवी आहे. त्या रात्री मी जे कागद मोजले त्यांत या दोन्ही घरांची मतं होती, आणि एका फुलीतून दोन्हींपैकी कुठली गोष्ट बोलतेय हे कुणालाही ओळखता येणार नव्हतं.

पहाटे घरी आले तेव्हा पुण्यात साडेआठ वाजून गेले होते. बाबांना फोन लावला. बाबा कसब्यात राहतात आणि १९९५ पासून कसबा पेठेच्या प्रत्येक निवडणुकीचे आकडे एका जुन्या वहीत लिहितात. "अगं, मग वारं कुणीकडे?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

मी म्हटलं, "बाबा, त्याच रात्री उत्तरेत सेल्बीला मजूर पक्षाने वीस हजारांचं मताधिक्य उलटवलंय. पंचवीस वर्षांचा मुलगा निवडून आलाय. आणि सॉमर्टनला लिबरल डेमोक्रॅटांनी हुजूर पक्षाला अकरा हजारांनी पाडलंय. तीन जागा, तीन पक्ष."

बाबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखंच. मार्चमध्ये कसब्यात धंगेकर आले, चिंचवडला अश्विनी जगताप. काँग्रेसवाले म्हणाले कसबा बघा, भाजपवाले म्हणाले चिंचवड बघा." त्या कसब्याच्या निकालाने बाबा आठवडाभर अस्वस्थ होते. भाजपचे गिरीश बापट पाच वेळा जिथून निवडून आले, ती जागा पोटनिवडणुकीत गेली होती. आजारी बापट नाकाला ऑक्सिजनची नळी लावून व्हीलचेअरवरून कार्यकर्त्यांना भेटायला आले होते. बाबांचा पक्ष कुठला हे मी इथे लिहिणार नाही. बापटांबद्दल बोलताना मात्र त्यांचा आवाज दाटतो.

पुढच्या दिवसांत इथे जे झालं त्याचा मला अजून राग येतो. तेव्हाचे पंतप्रधान, हुजूर पक्षाचे सुनाक रुइस्लिपच्या कॅफेत टकवेल यांच्यासोबत आले आणि पुढची सार्वत्रिक निवडणूक अजून ठरलेली नाही असं सांगून गेले. मजूर पक्षाचे नेते स्टार्मर यांनी आपल्याच पक्षाच्या लंडनच्या महापौरांना यूलेझवर विचार करायला सांगितलं. सप्टेंबरमध्ये सरकारने नव्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवरची बंदी २०३० वरून २०३५ वर ढकलली. ४९५ कागद, माझ्यासमोरच्या टेबलावर पाच गठ्ठेही भरले नसते, आणि त्यांतून साऱ्या देशाचं मन वाचल्याच्या थाटात धोरणं हलली. माझ्या शेजाऱ्याचा प्रश्न देशाच्या वाऱ्याचा नव्हताच. त्याला मध्यरात्रीचं उत्तर हवं होतं. सादिक खान यांनी ऑगस्टमध्ये जुनी गाडी मोडीत काढायची मदत सगळ्या लंडनकरांना खुली केली, कारसाठी २,००० पाउंडांपर्यंत, छोट्या व्यावसायिकांच्या व्हॅनसाठी त्याहून जास्त. शेजाऱ्याने अर्ज भरला तो माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून. हे मतदानाच्या आधी झालं असतं तर त्या हॉलमध्ये काय दिसलं असतं, हा विचार मी बरेचदा केलाय.

४ जुलै २०२४ ला सार्वत्रिक निवडणूक झाली. मजूर पक्ष चारशेच्या वर गेला, हुजूर पक्ष १२१ वर आला. आमच्या जागेवर पुन्हा तेच दोघे, टकवेल आणि बील्स. यूलेझ तसाच चालू होता.

नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्राचा निकाल लागला त्या दिवशी बाबांचाच फोन आला.

"कसब्यात भाजपचे रासने आले. धंगेकर पडले," ते म्हणाले. "आणि तुमच्याकडचा तो, पोटनिवडणुकीत पडला होता तो मुलगा?"

"बील्स. तो जुलैतच आला, बाबा."

"कितीने?"

"पाचशे सत्त्याऐंशी."

"थांब, वही घेतो," म्हणाले. पानं उलटल्याचा आवाज आला. "हं. सांग परत. आणि त्या आधीच्या वेळचे पण सांग, दोन्ही ओळी शेजारी लिहितो."