तुम्ही विचारलंत म्हणून: जटायू खरा होता का?

टाकेदला मुलांची सहल नेली की परतीच्या बसमध्ये हा प्रश्न ठरलेला असायचा. मी निवृत्त झालो, सहली संपल्या, प्रश्न मात्र माझ्यामागे राहिला. गंगेवर (नाशिकला आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो), लग्नात, सकाळी फिरायला गेल्यावर कुणीतरी जुना विद्यार्थी भेटतो. सोबत त्याचं पोरगं असतं. तो म्हणतो, "सर, याला सांगा ना, जटायू खरा होता का?"

होता. मी त्याला जवळून पाहिलंय. पोराला घाईत एवढंच सांगून सुटतो, ते बरोबर नाही. म्हणून आज नीट सांगतो.

ज्यांनी टाकेद पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडंसं. इगतपुरी तालुक्यातलं हे गाव, पूर्ण नाव सर्वतीर्थ टाकेद. सीतेला घेऊन निघालेल्या रावणाला जटायूने अडवलं, रावणाने त्याचे पंख छाटले आणि तो इथे पडला, असं आमच्याकडे सगळे मानतात. रामाला सगळी हकिकत सांगेपर्यंत त्याने जीव धरून ठेवला. त्याला शेवटचं पाणी द्यायला रामाने बाण मारून सगळ्या तीर्थांचं पाणी एका जागी आणलं, म्हणून हे सर्वतीर्थ. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. आपल्याकडे देवांच्या वाहनांना मान असतोच, पण एका गिधाडाचं देऊळ आहे आणि त्याच्यासाठी माणसं लांबून येतात, याचं मला लहानपणापासून अप्रूप आहे.

लहानपणापासून म्हणजे अगदी नेमकं सांगायचं तर आमचा तांबड्या बैल गेला त्या दिवसापासून. पोळा होऊन आठवडाही झाला नव्हता, शिंगांचा हिंगूळ अजून तसाच होता. गावाबाहेरच्या माळावर त्याला नेऊन टाकलं. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. रडत रडत मागे गेलो आणि बांधावरच्या बोरीआड बसलो. आभाळ रिकामं होतं. मग एक ठिपका दिसला, मग तीन, मग मोजता येईनात. पंख न हलवता गोल गोल फिरत खाली येत होते. जमिनीला टेकताना आधी पाय पुढे करायचे आणि मग तोल सावरत चार पावलं धावायचे. त्यातलं एक माझ्यापासून दहा-बारा हातांवर उतरलं. पंख मिटण्याआधी क्षणभर पसरलेलेच राहिले, आमच्या घराच्या दाराची चौकट झाकली जाईल एवढे. मानेवर पिसं नव्हती, सुरकुतलेली कातडी होती, आणि मानेच्या मुळाशी पिंजलेल्या कापसासारखी पांढरी झालर. वाऱ्याने ती झालर हलत होती. त्याने माझ्याकडे मान वळवून पाहिलं आणि मी रडायचा थांबलो.

संध्याकाळी गेलो तेव्हा सांगाडा तेवढा उरला होता. वास नाही, माश्या नाहीत. घरी आल्यावर आजी म्हणाली, "जटायूची पोरं ती. दगड मारू नको कधी." बैल गेल्याचं दुःख तिलाही होतं, पण ती त्या पक्ष्यांबद्दल घरच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलत होती.

पुढे शिक्षक झाल्यावर मी वाल्मीकींचं रामायण मुद्दाम जटायूसाठी वाचलं. राम त्याला पित्यासमान मानून अग्नी देतो, पिंड देतो आणि मग दोघे भाऊ गोदावरीवर जाऊन त्या गृध्रराजाला तिलांजली देतात. आपल्या रामकुंडावर रोज दहाव्याचे विधी चालतात, माणसं पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहत बसतात. त्याच गोदावरीत एका पक्ष्यासाठीही पाणी सोडलं गेलं होतं. घाटावर गेलो की मला हे आठवल्याशिवाय राहत नाही.

त्याच रामायणात जटायूचा भाऊ संपाती वानरांना आकाशातले मार्ग सांगतो. सगळ्यात खालून धान्य टिपणारे लहान पक्षी उडतात. त्यांच्या वर बळी खाणारे कावळे आणि फळं खाणारे, तिसऱ्या मार्गाने क्रौंच आणि कुरर, चौथ्याने ससाणे आणि पाचव्याने गिधाडं. त्यांच्या वर फक्त हंस आणि गरुडाचं कुळ. हे सांगणाऱ्याने नक्की कुठल्यातरी डोंगरावर बसून तासन्‌तास आभाळ पाहिलं असणार. संपातीला समुद्रापलीकडची सीता दिसते, तीही गिधाडाच्या नजरेमुळे. गोष्ट रचणाऱ्याला पक्षी चांगला ठाऊक होता. म्हणून मी "खरा होता" असं छातीठोक सांगतो.

आता अवघड भाग. १९९०च्या दशकात आमच्या माळावर गिधाडं यायची बंद झाली. सुरुवातीला कुणाच्या लक्षातही आलं नाही. मेलेलं जनावर दोन दोन दिवस पडून राहू लागलं, दुर्गंधी सुटू लागली, भटकी कुत्री वाढली. आजी तेव्हा नव्हती, नाहीतर तिने पहिल्यांदा विचारलं असतं. कारण पुढे २००४ साली जगासमोर आलं. गुरांना सूज आणि वेदना कमी व्हायला डायक्लोफेनॅक नावाचं औषध टोचलं जायचं. ते टोचल्यावर थोड्याच दिवसांत जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. माना खाली टाकून ती फांदीवर बसून राहायची आणि मग पडायची. शंभर मढ्यांत एखादंच असं असलं तरी पुरे, कारण एका मढ्यावर पन्नास-साठ गिधाडं उतरतात. वर्षाला एकच अंडं घालणारा पक्षी ही तूट कशी भरून काढणार? पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशभरात हजारातलं एखादं उरावं इतकी कमी झाली. २००६ साली हे औषध गुरांसाठी वापरायला बंदी आली. गिधाडांना तशीच घातक असलेली आणखी दोन औषधं, किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक, २०२३ साली गुरांसाठी बंद झाली.

यात कुणी दुष्ट नव्हतं, हेच मला जास्त लागतं. माझ्या वडिलांनीही आजारी गाईला तेच इंजेक्शन दिलं असेल, तिला बरं वाटावं म्हणून.

म्हणून बसमधला तो प्रश्न मला लागतो. मी लहान असताना हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. जटायू डोक्यावरून रोज जात होता, विचारायचं काय? आता पोरांनी गिधाड पाहिलेलंच नाही. त्यांच्या लेखी जटायू त्या सिन्नरच्या गोंदेश्वराच्या देवळातल्या मकरासारखा झाला आहे. गाभाऱ्यातलं पाणी ज्याच्या तोंडातून बाहेर पडतं तो मकर, सोंड हत्तीची, जबडा मगरीचा. मकर शिल्पकाराच्या मनातून आला. जटायू आभाळातून आला होता, आणि माझ्या एका आयुष्यात तो आभाळातून गोष्टीत गेला.

वाघाचंही असंच झालंय. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवर वेशीबाहेर वाघदेव असतो. लाकडाच्या किंवा दगडाच्या फळीवर वाघ, नाग, वर चंद्र-सूर्य, सगळ्याला शेंदूर. आश्विन वद्य द्वादशीला, शहरात वसुबारस असते त्या दिवशी, तिकडे वाघबारस करतात, गुराखी वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. आमच्या जिल्ह्यात पट्टेरी वाघ आता नाही. बिबट्यालाच सगळे वाघ म्हणतात, आणि खऱ्या वाघासाठी 'ढाण्या' असा वेगळा शब्द ठेवला आहे. वाघ गेला तरी त्याची जागा पाड्यावर राखलेली आहे, हे मला फार मोठं वाटतं. तिकडची म्हातारी माणसं बिबट्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. निफाड-सिन्नरच्या उसात बिबट्याची मादी व्यायली, किंवा २०१९ साली आला तसा तो दिवसाढवळ्या नाशिकच्या सावरकरनगरात आला, की आम्ही शहरातले फक्त गर्दी करतो आणि आरडाओरडा करतो. ज्यांचं माणूस किंवा शेळी गेली त्यांची भीती खरी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण त्या जनावराशी वागायचं कसं याची काहीतरी रीत पाड्यावर आहे, आमच्याकडे नाही.

सगळ्याच दंतकथा जीव राखतात असं मात्र समजू नका. मांडूळ दोन तोंडांचं असतं, गुप्तधन दाखवतं, या एका थापेपायी तो गरीब बिनविषारी साप चोरून पकडला जातो आणि लाखांच्या बाता मारून विकला जातो. त्याचं दुसरं तोंड म्हणजे बोथट शेपटी, एवढंच आहे. वर्गात मी हे फळ्यावर चित्र काढून सांगायचो. "गिधाडासारखा टपलाय" असं कुणी म्हणालं तरी मी तिथेच थांबवतो. लढून मेलेल्याचं नाव आहे ते.

पण आभाळ पुरतं रिकामं झालेलं नाही. अंजनेरीच्या आणि ब्रह्मगिरीच्या कड्यांच्या कपारीत लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. हरसूलकडे खोरीपाड्याला वनविभागाने गावकऱ्यांना सोबत घेऊन गिधाडांसाठी जागा राखली. तिथे मेलेली जनावरं आणून टाकतात. परिसरात कुणाचं जनावर गेलं की निरोप जातो. हे करणारी माणसं हातावर पोट असलेली आहेत, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

मागच्या हिवाळ्यात एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी, तिसरीतली, आमच्याबरोबर अंजनेरीला आली होती. दहाच्या सुमारास कडा तापला आणि कपारीतून एक गिधाड नुसतं पंख उघडून हवेत सरकलं. पंख हलवलेच नाहीत. कड्याला लागून ते वर वर चढत गेलं. त्याची सावली आमच्या अंगावरून गेली तेव्हा ती चटकन खाली बसली. मग उठून तिने माझा हात धरला आणि विचारलं, "आजोबा, हा कितव्या रस्त्याने चाललाय?"

मी म्हणालो, "पाचव्या."