नेम धरण्याआधी: लेकीच्या एअर पिस्तूलचे पहिले महिने

मुलांना एअर गन शिकवायची म्हटलं की पहिला प्रश्न परवान्याचा निघतो, म्हणून तो आधी संपवते. 4.5 मि.मी. छर्‍याच्या आणि 20 ज्यूलपेक्षा कमी जोराच्या एअर गनला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही. पण म्हणून ते खेळणं नव्हे. छर्रा डोळ्याला लागला तर डोळा जातो. बंदूक विकत आणायची, गच्चीवर डबे मांडायचे आणि मुलांना शिकवायचं असा कुणाचा बेत असेल, तर त्यांना हात जोडून सांगते, आधी रेंज, म्हणजे नेमबाजीच्या सरावाची जागा, शोधा.

आमच्या घरी खरा अडथळा सासूबाईंचा होता. त्यांचं माहेर बडोद्याच्या दांडिया बाजारातलं. जुम्मादादा व्यायाम मंदिरामुळे लाठी आणि मल्लखांब लहानपणापासून डोळ्यांसमोर. पण बंदूक? "अगं, पोरीच्या हातात ते कशाला?" तेव्हा मी त्यांना दादासाहेब मावळंकरांबद्दल सांगितलं. लोकसभेचे पहिले सभापती म्हणून त्यांचं नाव आपल्याला माहीत असतं. त्यांचा जन्म बडोद्याचा, 1888 सालचा. 1951 मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली ती त्यांच्याच पुढाकाराने, आणि नेमबाजीची एक अखिल भारतीय स्पर्धा त्यांच्या नावाने भरते. "मावळंकरांचा खेळ आहे होय! मग मी एकदा येऊन बघेन," म्हणाल्या.

पहिल्या रेंजवरून आम्ही लगेच परत आलो. एक मुलगा कागद बदलायला पुढे गेला होता आणि शेजारच्या लेनमधल्या मुलाच्या हातात रायफल तशीच होती. कुणी काही बोललं नाही. फी कितीही कमी असो, अशा जागी मूल पाठवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दुसर्‍या ठिकाणी सरांनी लेकीला सुरुवातीला पिस्तुलाला हातही लावू दिला नाही. मागे खुर्चीवर बसून नुसतं बघायचं. नळी कायम टार्गेटकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. 'स्टॉप' म्हटलं की जिथे असाल तिथे थांबायचं. पिस्तूल टेबलावर ठेवलं की नळीतून भडक रंगाची दोरी, म्हणजे सेफ्टी फ्लॅग, आरपार घातलेली हवी. कुणी पुढे गेलं असेल तर टेबलावरच्या पिस्तुलाला स्पर्शही नाही. हे सगळं तिच्याकडून तोंडपाठ म्हणून घेतलं, तेव्हा कुठे ती लेनवर उभी राहिली.

मग डोळ्याची परीक्षा. दोन्ही तळव्यांनी छोटी खिडकी करून लांबची वस्तू बघायची आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला वस्तू जागेवर दिसते तो मुख्य डोळा. लेकीचा उजवाच निघाला, हातही उजवा. रायफल की पिस्तूल हे अंगकाठी बघून ठरलं. स्पर्धेतली एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते. लहान मुलांना ती स्टँडवर टेकवून देतात. पिस्तुलाला दीड किलोची मर्यादा आहे, पण ते एकाच हाताने धरायचं, कसलाही आधार न घेता.

त्यानंतर कितीतरी दिवस छर्रा नाही, टार्गेटही नाही. समोर पांढरी भिंत. हात उचलायचा, मागच्या खाचेत पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा उभा खुंट, मधोमध बसवायची, दोन्ही बाजूंना सारखा उजेड ठेवायचा आणि ट्रिगर हळूच दाबत न्यायचा. नजर माशीवरच. पुढे टार्गेट आलं तरी ते धूसरच दिसलं पाहिजे, हे लहान मुलांना पटवणं फार अवघड. म्हणूनच ती रिकामी भिंत. छर्रे मिळाले तेसुद्धा कोर्‍या कागदावर मारायला, ज्यावर एकही वर्तुळ नाही. "मार्क्स नथी जोवाना, ग्रुप जोवानो छे," सर सांगत, म्हणजे गुण नाही, छिद्रांचा घोळका बघायचा. छिद्रं एकमेकांजवळ पडू लागली की साइट (नेमाची खाच) फिरवून ती मध्यावर आणता येतात. विखुरलेली असतील तर साइटचा काही उपयोग नाही. दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मि.मी.चं, शर्टाच्या बटणाएवढं, आणि तेही दहा मीटरवर.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती पिस्तूल न झाडता खाली आणायची सवय. हात वर जातो, माशी थरथरते, थोडी स्थिरावते आणि पुन्हा हलू लागते. अशा वेळी मुलांना वाटतं, आता मारूनच टाकू. सर म्हणायचे, खाली घे, श्वास घे, परत उचल. स्पर्धेत साठ शॉट्सना 75 मिनिटं असतात. घाई करायचं काही कारणच नाही. सासूबाई आल्या त्या दिवशी लेकीने सलग तीनदा हात खाली आणला. "मारत का नाही गं ही?" त्यांनी हळूच विचारलं. चौथ्यांदा तिने शॉट सोडला आणि तो लागल्यावरही हात क्षणभर तसाच धरून ठेवला. त्यानंतर घरी बंदुकीचा विषय निघाला की त्याच आजूबाजूच्यांना समजावून सांगतात.

पालकांसाठी थोडं. छर्रे शिशाचे असतात, म्हणून रेंजवरून निघताना साबणाने हात धुतल्याशिवाय काहीही खायचं नाही. आमच्याकडे शेवउसळीचा हट्ट हात धुतल्यावरच ऐकला जातो. मागे बसून खुणा करू नका आणि गाडीत बसल्याबसल्या स्कोअर विचारू नका. मुलं मग पुढच्या वेळी घाईने झाडतात, हे मी इतर मुलांच्या बाबतीतही पाहिलंय. घरी सरावाला पाण्याची बाटली हात लांब करून धरली तरी खांदा तयार होतो.

स्वतःचं पिस्तूल आम्ही अजून घेतलेलं नाही. मोरिनी, स्टायर, वॉल्थर अशा परदेशी पिस्तुलांची किंमत लाखाच्या पुढे जाते, आणि ग्रिप हाताच्या मापाची लागते. लेकीचा हात अजून वाढतोय. राज्य स्पर्धेपर्यंत रेंजच्याच पिस्तुलावर भागेल असं सर म्हणतात, आणि आम्हालाही ते पटलंय.