तुम्ही विचारलंत म्हणून: युरोपात हॉस्टेल निवडताना मी काय बघते

‘हॉस्टेलमध्ये राहता? या वयात? आणि चांगलं कुठलं ते कळतं कसं?’ युरोपला जाऊन आले असं बोलण्यात आलं की हे तीन प्रश्न याच क्रमाने येतात. पहिल्या दोनांचं उत्तर ‘हो’ आणि ‘हो’. तिसऱ्याचं जरा सविस्तर देते, कारण परवा ओळखीतल्या एका बाईंनी व्हिएन्ना-प्राग-लिस्बनचा बेत सांगून थेट ‘मला यादीच द्या’ म्हटलं.

यादी मी देत नाही. मॅनेजर बदलला की हॉस्टेलची कळा बदलते, आणि मग नावं सांगणाऱ्याच्या नावाने खडे फोडले जातात. बघायचं काय, ते सांगते.

वयाचं आधी मिटवू. आपल्या डोळ्यांपुढे कॉलेजचं हॉस्टेल असतं: मेसची पातळ आमटी आणि रेक्टरची गस्त. युरोपातली गोष्ट वेगळी आहे. पहिलं कायमस्वरूपी यूथ हॉस्टेल १९१२ मध्ये जर्मनीतल्या आल्टेनाच्या किल्ल्यात निघालं. रिचर्ड शिरमान नावाचे शाळामास्तर पोरांना पायी सहलींना नेत, रात्री पाठ टेकायला स्वस्त जागा मिळेना, त्यातून ही कल्पना आली. आपल्याकडच्या यूथ हॉस्टेल असोसिएशनचे, म्हणजे वायएचएआयचे, ट्रेक केलेल्यांना ही परंपरा ओळखीची आहे. तिकडच्या असोसिएशनच्या हॉस्टेलांत आजही शाळेच्या सहली, लेकुरवाळी कुटुंबं आणि सायकलवरून आलेली निवृत्त जोडपी एकाच टेबलावर नाश्ता करताना दिसतात. काही खासगी हॉस्टेलं मात्र डॉर्ममध्ये, म्हणजे अनेक पलंगांच्या सामायिक खोलीत, ठरावीक वयापुढच्यांना घेत नाहीत. हे बुकिंगच्या पानावर तळाशी, नियमांच्या गर्दीत लिहिलेलं असतं. पैसे भरायच्या आधी तिथपर्यंत जा.

आता निवड. हॉस्टेलवाले जाहिरात करतात ती संध्याकाळची. बार, गच्ची, रंगीत दिवे, हसणारी तरुण मंडळी. मी मात्र तिथे रात्र आणि सकाळ काढायला जाते. संध्याकाळ मला शहरातच घालवायची असते. त्यामुळे बारचे फोटो सोडून मी सरळ पलंगाच्या फोटोवर जाते.

पलंगाला पडदा आहे का? उशाशी स्वतंत्र दिवा आणि प्लग आहे का? चष्मा, फोन, पाण्याची बाटली ठेवायला फळी आहे का? वर चढायची शिडी सरळसोट लोखंडी कांबीची आहे की रुंद पायऱ्यांची? रेल्वेच्या थ्री-टायरमध्ये आपण बर्थ निवडताना जेवढा काथ्याकूट करतो, तेवढाच इथे करायचा. पडदा ओढला की आठ जणांच्या खोलीतही आपली अशी एक खोली होते. तो नसेल तर पहाटे चारला विमान पकडणारा माणूस मोबाइलचा टॉर्च तुमच्याच तोंडावर मारून मोजे शोधणार. लॉकर पलंगाखाली आहे की बाहेर बोळात, तेही पाहा. कुलूप बहुतेक ठिकाणी आपलं लागतं. पातळ कडीचं न्या, जाड कडी भोकातून जात नाही.

‘अटॅच्ड बाथरूम’ वाचून लोक खूश होतात. मी होत नाही. आठ जणांत एक बाथरूम म्हणजे सकाळी रांग, आणि रात्रभर फ्लशचा आवाज नि दाराच्या फटीतून उजेड. बोळात चार-सहा संडास आणि तेवढेच शॉवर असले तर मला ते जास्त सोयीचं वाटतं. (जेट स्प्रे बहुधा नसतो. एक रिकामी बाटली सोबत असू द्या, जास्त बोलत नाही.)

रिव्ह्यू वाचायचे ते ताजे, आणि मधल्या मार्कांचे. दहापैकी दहा देणाऱ्या मुलाला तिथे मित्र मिळालेले असतात. दोन देणाऱ्याचं रिसेप्शनवर भांडण झालेलं असतं. सहा-सात देणारा माणूस खरं सांगतो: खिडकीखाली ट्राम वाजते, गरम पाणी आठनंतर संपतं. ‘व्हायब’, ‘पब क्रॉल’ (एका पबमधून दुसऱ्यात फिरणं) हे शब्द पुन्हा पुन्हा आले तर हॉस्टेल वाईट नसतं; तुमची तिथे झोप होणार नाही, एवढंच. आणि ‘बेड बग्ज’ हे शब्द टाकून शोधाच. ढेकणांना श्रीमंत-गरीब कळत नाही. २०२३ च्या शरद ऋतूत पॅरिसमध्ये त्यांनी काय हाहाकार उडवला होता ते पेपरांत आलंच होतं. स्वतःची स्लीपिंग बॅग वापरायला मनाई असेल तर नाराज होऊ नका, ती मनाई ढेकणांसाठीच असते. खोलीत गेल्यावर गादीच्या शिवणी उलटून पाहा आणि बॅग पलंगावर ठेवू नका.

जागेचं म्हणाल तर ‘केंद्रापासून अमुक किलोमीटर’ या आकड्याला मी फारशी किंमत देत नाही. प्रागमध्ये मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास थांबते, पण रात्रीच्या ट्राम लाझार्स्का या थांब्यावर एकमेकींना भेटतात. त्यातल्या एखाद्या मार्गावरचं लांबचं हॉस्टेल हे जवळच्या गल्लीबोळातल्या हॉस्टेलपेक्षा बरं. व्हिएन्नात शुक्रवारी आणि शनिवारी रात्रभर मेट्रो असते. लिस्बनला उलटी अडचण: नकाशावर पाचशे मीटर दिसणारं अंतर प्रत्यक्षात पायऱ्यांचं निघतं, आणि तिथल्या दगडी फरशीवर बॅगेची चाकं रडतात. तिथल्या आल्फामा या जुन्या वस्तीत उतरायचं ठरवलंत तर इमारतीला लिफ्ट आहे का ते विचारून घ्या, जुन्या घरांत बहुधा नसते.

स्वयंपाकघर मात्र मी सोडत नाही. बाहेरच्या एका जेवणाच्या पैशांत दोन दिवसांचा किराणा येतो, आणि शाकाहारी माणसाला चौथ्या दिवशी ब्रेड-चीज नको होतं. फोटोत शेगड्या किती, फ्रीज केवढा ते बघा. बहुतेक ठिकाणी एका फळीवर जाणाऱ्यांनी सोडलेलं मीठ, तेल, अर्धा पास्ता असतो; तो कुणीही घ्यावा. मी जाड पोहे, मोहरी, हिंग नि हळद नेते. कांदा-बटाटा तिथे मिळतोच. फोडणीचं तेल फक्त बेताने तापवा, कारण स्मोक अलार्म वाजला की अख्खी इमारत नाइट ड्रेसमध्ये रस्त्यावर येते आणि मग सगळ्यांना तुम्हीच समजावत बसायचं. पेढे नि तूप घरीच राहू दे. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. बाकरवडी चालते.

किमतीची तुलना करताना चादर, टॉवेल आणि शहराचा पर्यटक कर धरून बेरीज करा. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून हा कर १२.५ टक्के आहे, लिस्बनमध्ये माणशी एका रात्रीला ४ युरो. काही ठिकाणी तो पोचल्यावर वेगळा भरावा लागतो. स्कॅंडिनेव्हियात बऱ्याच ठिकाणी चादरीचे वेगळे पैसे लागतात, स्वित्झर्लंडच्या यूथ हॉस्टेलांत चादर आणि नाश्ता दरातच असतो, म्हणून ती दिसतात तेवढी महाग पडत नाहीत. तिघं-चौघं एकत्र असाल तर चार बेडची अख्खी खोलीच घ्या. आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात म्युनिक, ऑगस्टमध्ये एडिनबरा टाळा. बिअरचा उत्सव आणि नाट्य-संगीताचे महोत्सव यांच्या काळात डॉर्मचा बेडही हॉटेलच्या भावाने जातो.

शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाला, मुक्कामाचा पुरावा लागतो, तिथे हॉस्टेलचं बुकिंग चालतं. त्यावर पासपोर्टातलंच नाव असलं पाहिजे आणि मधली एकही रात्र रिकामी दिसता कामा नये. मोफत रद्द करता येणारं बुकिंग थोडं महाग असलं तरी घ्या. व्हिसा हातात पडल्यावर सगळं रद्द करून दुसरीकडेच जायचं, हा काही एजंटांचा सल्ला मात्र ऐकू नका. विमानतळावरचा अधिकारी पहिल्या रात्रीचा पत्ता विचारू शकतो.

बुकिंग झालं की हॉस्टेलला दोन ओळींची मेल टाका: वय अमुक, गुडघे दुखतात, खालचा बंक मिळेल का, आणि रात्री दहानंतर पोचले तर रिसेप्शनवर कुणी असेल का. उत्तर दिवसभरात आलं तर ठीक. आठवडाभर आलंच नाही, तर मोफत रद्द करायची मुदत संपायच्या आत दुसरं शोधा.