थाळनेर : तापीच्या उतारावरची राजधानी

खानदेशच्या फारुकी सुलतानांचे नाव निघाले की आपल्याला बुऱ्हाणपूर आठवते आणि फार तर असीरगड. पण या घराण्याचे पहिले ठाणे बुऱ्हाणपूर नव्हते. ते होते थाळनेर, आजच्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात, तापीच्या उत्तर काठावर. महाराष्ट्राच्या उत्तर सीमेजवळचे हे गाव आज बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. शिरपूरला कामानिमित्त वारंवार जाणाऱ्या लोकांनाही मी विचारून पाहिले आहे; नाव माहीत असते, पण तिथे एक राजघराणे पुरलेले आहे हे माहीत नसते. एवढे महत्त्वाचे ठाणे इतके मागे का पडले, या प्रश्नाचे उत्तर मला राजांच्या वंशावळीपेक्षा नदीत आणि रस्त्यांत जास्त सापडते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

तापी मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपाशी समुद्राला मिळते. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा यांच्यामध्ये जमीन खचून तयार झालेल्या लांबट खोऱ्यातून ती पश्चिमेकडे जाते. खानदेशाच्या सपाटीवर तिने हजारो वर्षे गाळ आणून टाकला आणि मग त्याच गाळातून स्वतःचे पात्र खोल कापून काढले. त्यामुळे इथली तापी काठाशी खेळत वाहत नाही. काठ उंच, दरडीसारखा उभा, आणि पाणी खूप खाली. पावसाचे पाणी शेतांवरून नदीकडे धावताना मऊ माती कापत जाते, म्हणून दोन्ही काठांवर खोल घळी पडलेल्या आहेत. थाळनेरला काठावर उभे राहून दरडीचा उभा छेद पाहिला तर पिवळसर मातीचे थर, त्यांत अडकलेले चुनखडीचे पांढरे खडे आणि वरच्या हातभर थरात विटा-खापरांचे तुकडे दिसतात. नदी आणि वस्ती यांची सरमिसळ इतक्या जवळून फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते.

या उंच काठांचे दोन परिणाम झाले. पहिला शेतीवर : पाणी डोळ्यांसमोर असूनही ते उचलून घेतल्याशिवाय शेतात येत नाही. यंत्रे येण्यापूर्वी खानदेशात पाटाचे पाणी मिळाले ते पांझरेसारख्या उपनद्यांवर बंधारे घालून, फड पद्धतीने, म्हणजे शेते पट्ट्यांत वाटून पाळीपाळीने पाणी देत. खुद्द तापी सिंचनाच्या दृष्टीने जवळपास निरुपयोगी होती. दुसरा परिणाम वाहतुकीवर झाला आणि थाळनेरच्या दृष्टीने तोच निर्णायक ठरला. जिथे दोन्ही बाजूंना दरडी आणि घळी आहेत, तिथे बैलगाड्यांचा तांडा नदीत कुठेही उतरवता येत नाही. त्यासाठी उतार लागतो, म्हणजे काठ जरा खचलेला आणि तळ घट्ट असलेली जागा. असा उतार ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात रस्ता, आणि रस्त्याबरोबर जकात. थाळनेर अशा उतारावर वसलेले आहे.

हा रस्ता साधा नव्हता. सुरतेच्या बंदरातून निघालेला माल नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा असा येऊन थाळनेरला तापी ओलांडत असे आणि पुढे चोपड्यावरून बुऱ्हाणपूरला व तिथून आग्ऱ्याकडे जात असे. १६१० साली या वाटेने गेलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने थाळनेरची नोंद केली आहे : वाट चोरांची, गाव चांगले, किल्ला आहे, आणि नदी अशी की पावसाळ्यात नावेशिवाय पार होत नाही. अवघ्या एका वाक्यात त्याने गावाचा सारा भूगोल सांगितला आहे. सतराव्या शतकातल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याच्या मुक्कामांच्या यादीतही शिंदखेडा, थाळनेर, चोपडा ही नावे याच क्रमाने येतात. आज या तीन गावांतून कुणी आग्ऱ्याला जाण्याचा विचारही करणार नाही.

राजकीय इतिहासाची सुरुवात १३७० साली होते. दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने मलिक राजा या सरदाराला थाळनेर आणि करवंद ही ठाणी जहागीर म्हणून दिली. शिकारीत वाट चुकलेल्या, भुकेल्या सुलतानाला मलिक राजाने खाऊ घातले आणि त्याचे नशीब उघडले, अशी कथा फिरिश्ता या इतिहासकाराने नोंदवली आहे. अशा कथा बहुतेक घराण्यांच्या आरंभी असतात, तेव्हा तिच्यावर फार भार टाकू नये. पण जहागिरीची निवड पाहण्यासारखी आहे. करवंद हे शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याकडे; थाळनेर दक्षिणेला, नदीवर. डोंगरातून उतरणारी वाट आणि नदी ओलांडणारी वाट अशी दोन्ही टोके एकाच माणसाच्या हाती आली. दिल्लीची पकड ढिली पडल्यावर मलिक राजा स्वतंत्रपणे वागू लागला, त्याने बागलाणच्या राजाला खंडणी द्यायला लावली आणि १३९९ मध्ये तो थाळनेरलाच वारला.

त्याने मुलांत वाटणी केली होती. थोरल्या नासिर खानाला धुळ्याजवळचा लळिंग किल्ला मिळाला आणि धाकट्या इफ्तिखारला थाळनेर. यावरून थाळनेरची किंमत लक्षात येते, कारण नासिरला ही वाटणी कधीच मान्य झाली नाही. मधल्या काळात त्याने असीरगड कपटाने घेतला. डोल्यांतून घरच्या बायका पाठवतो असे त्या किल्ल्याच्या आसा अहिर या सरदाराला सांगून त्याने डोल्यांत सैनिक बसवले, ही गोष्ट खानदेशात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तापीच्या काठावर त्याने बुऱ्हाणपूर वसवले आणि खुलताबादच्या शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव त्या शहराला दिले. एवढे मिळूनही १४१७ मध्ये माळव्याच्या मदतीने त्याने धाकट्या भावाकडून थाळनेर हिसकावून घेतलेच. इफ्तिखारला गुजरातचा आश्रय घ्यावा लागला.

राजधानी मात्र पुढे बुऱ्हाणपुरातच राहिली आणि ते स्वाभाविक होते. थाळनेर नदीचा एक उतार राखत होते. बुऱ्हाणपूर आणि असीरगड मिळून उत्तर हिंदुस्थानातून दख्खनमध्ये येणारी खिंडच राखत होते. शिवाय थाळनेर गुजरातच्या फौजांच्या वाटेवर पडत असे. सोळाव्या शतकाच्या आरंभी गुजरातचा सुलतान महमूद बेगडा थाळनेरपर्यंत चालून आला आणि खानदेशच्या गादीवर कोण बसणार हे त्याने ठरवून टाकले. शेजारच्या प्रबळ राज्याच्या इतके जवळ राजधानी ठेवणे कुठल्याही राजाला परवडले नसते.

तरीही मेल्यावर हे राजे थाळनेरलाच परत आले. बुऱ्हाणपूर वसवणारा नासिर खान १४३७ साली वारला, तेव्हा त्याला दफन करण्यासाठी थाळनेरला आणले. त्याच्यामागून मीरान आदिल १४४१ मध्ये आणि मीरान मुबारक १४५७ मध्ये वारले, तेही इथेच आहेत. म्हणजे घराण्याचे पहिले चार राजे या गावात पुरलेले आहेत. गावालगत घुमटांच्या कबरींचा जो समूह आहे, त्यातल्या बहुतेक चौरस आणि साध्या आहेत, पण एक अष्टकोनी कबर वेगळीच उठून दिसते. तिच्या बाहेरच्या भिंतींवरचे कोरीव काम निवांत पाहावे; प्रत्येक बाजूला कमान, कमानीच्या कडेने नक्षीचे पट्टे, आणि दगड इतका नेमका घडवलेला की सांधे शोधावे लागतात. माळव्यातल्या मांडूच्या इमारती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे काम ओळखीचे वाटेल, आणि नासिरला माळव्याची मदत होती हे लक्षात घेतले तर त्यात नवल नाही. बुऱ्हाणपूरचे पर्यटक यातले काहीच पाहत नाहीत, याचे मला दर वेळी वाईट वाटते.

१६०१ च्या आरंभी असीरगड पडला आणि अकबराने खानदेश मोगली मुलखात सामील केला. मोगलांच्या काळात थाळनेर व्यापारी वाटेवरचे ठाणे म्हणून टिकले, पुढे ते मराठ्यांकडे आले, पेशव्यांकडून होळकरांकडे गेले, मध्यंतरी निंबाळकरांकडे गहाण पडले आणि पुन्हा होळकरांकडे आले. या दोनशे वर्षांबद्दल मी जास्त लिहीत नाही. गावाच्या हद्दीत घडलेली सर्वांत मोठी घटना त्यानंतरची आहे.

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला द्यावा लागला. इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपची फौज माळव्यातून परतताना सेंधवा घाटाने खाली उतरली. सेंधव्याचा किल्ला न लढता मिळाला. २७ फेब्रुवारीला फौज थाळनेरला नदी ओलांडण्यासाठी आली, तेव्हा किल्ल्यावरून तोफ डागली गेली. तहाने हा किल्ला आमचा झाला आहे आणि विरोध केल्यास तो बंड समजला जाईल, असे हिस्लॉपने किल्लेदार तुळशीराम मामा याला कळवले. उत्तर आले नाही, म्हणून इंग्रजी तोफा सुरू झाल्या.

त्या वेळच्या किल्ल्याची रचना समजून घेतली तरच पुढचे समजते. एका बाजूला तापी आणि उरलेल्या तीन बाजूंना रुंद खोल घळ, तिच्यातून सुमारे साठ फूट उंच उठणारी तटबंदी. आत जायला एकच वाट, आणि तिच्यावर वळणावळणाने एकापाठोपाठ पाच दरवाजे. बाहेरचे दरवाजे हाती आल्यावर किल्लेदार स्वतः बाहेर आला आणि शरण गेला. पाचव्या दरवाजाची दिंडी, म्हणजे त्यातले छोटे दार, मात्र तेवढी उघडी होती आणि आत अरब शिबंदी, म्हणजे किल्ला राखणारे अरब शिपाई, शरणागतीच्या अटींवर हुज्जत घालत होती. मोजके इंग्रज अधिकारी आणि शिपाई दिंडीतून आत शिरले. भाषा एकमेकांना कळत नव्हती की अरबांना दगा वाटला, यावर तेव्हापासून वाद आहे. पण झटापट झाली, मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅग्रेगर तिथेच मारले गेले. त्यानंतर इंग्रज फौज आत घुसली आणि सुमारे ३०० जणांची शिबंदी कापून काढली. ही झटापट होण्याआधीच शरण आलेल्या तुळशीराम मामालाही त्याच दिवशी फाशी दिले.

ही फाशी इंग्लंडातही पचली नाही. हिस्लॉपच्या फौजेचे आभार मानण्याचा ठराव ब्रिटिश पार्लमेंटपुढे आला, तेव्हा थाळनेरच्या किल्लेदाराला दिलेल्या फाशीचा प्रश्न उपस्थित झाला आणि या कृत्याला आभारांतून वगळण्यात आले. मला यात न्यायापेक्षा संकोच अधिक दिसतो, कारण शिक्षा कोणालाच झाली नाही. तरी तापीकाठच्या एका किल्लेदाराचे नाव लंडनच्या सभागृहात घ्यावे लागले, ही नोंद आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत आणखी ठळक असायला हवी होती.

यानंतर थाळनेर लढाईने पडले नाही, ते रस्त्यांनी पाडले. सुरतेचा व्यापार मुंबईकडे गेला आणि पूर्व-पश्चिम वाटेचे महत्त्व ओसरले. इंग्रजांनी बांधलेला मुंबई-आग्रा रस्ता सेंधवा घाटातून पळासनेर, शिरपूर असा उतरून थाळनेरच्या पश्चिमेला तापी ओलांडतो. आज तिथे सावळद्याचा पूल आहे. १९०० च्या सुमारास सुरतेहून तापी खोऱ्यात आलेली रेल्वे नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर अशी नदीच्या दक्षिणेने गेली. एका बाजूला महामार्ग, दुसऱ्या बाजूला रेल्वे, आणि मधल्या गावाला दोन्हींचा उपयोग नाही, अशी अवस्था झाली. तालुक्याचे ठिकाण शिरपूर झाले. पूल आल्यावर उताराची गरजच उरत नाही, आणि थाळनेरकडे विकण्यासारखे तेवढेच होते.

जुन्या व्यापाराची एक खूण मात्र अनपेक्षित ठिकाणी टिकून आहे. या वाटेने आलेली गुजराती व्यापारी घराणी थाळनेरला स्थायिक झाली होती. त्यांपैकी एक हरिदास रामदास लाड हे मोठे सावकार आणि जमीनदार. त्यांची मुलगी शेवंती हिचा विवाह दीनानाथ मंगेशकर यांच्याशी झाला, आणि म्हणून थाळनेर हे लता मंगेशकर आणि त्यांच्या भावंडांचे आजोळ. आजीकडून गुजराती गरबे शिकल्याची आठवण लताबाईंनी सांगितली आहे. तापीच्या उत्तर काठावरच्या मराठी मुलखात, जिथे बाजारात अहिराणी आणि डोंगराच्या बाजूला पावरी बोली ऐकू येते, तिथे एका घरात पावागडचे गरबे म्हटले जात होते, याचे कारण पुन्हा तो सुरत-बुऱ्हाणपूर रस्ताच आहे.

आजच्या थाळनेरची अडचण वेगळी आहे. कापूस, केळी, पपई यांची शेती विहिरी आणि कूपनलिकांवर उभी राहिली, आणि गाळाच्या जमिनीत पाणी किती खोल जाऊ शकते हे मग कळले. तापीच्या गाळात चिकण पिवळ्या मातीचे जाड थर आहेत, ते पावसाचे पाणी खाली झिरपू देत नाहीत. उपसा मात्र त्यांच्याखालच्या वाळूतून होतो. २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी शिरपूर तालुक्यात नाले रुंद आणि खोल करून, त्यांवर बंधाऱ्यांची साखळी बांधून आणि जादा पाणी कोरड्या विहिरींत सोडून हे थर ओलांडण्याचा मार्ग काढला. त्याला शिरपूर पॅटर्न म्हणतात. सगळीकडे तो जसाच्या तसा चालेल असे मला वाटत नाही, कारण बेसॉल्टच्या कठीण खडकात आणि तापीच्या गाळात पाणी सारखे वागत नाही, आणि ही खबरदारी न घेता अनेक जिल्ह्यांत नुसतेच नाले उकरले गेले. इथे मात्र त्यामागे जमिनीची नीट समज होती.

किल्ल्याचे फारसे काही उरलेले नाही. विटा-मातीच्या तटाखालची दरड दर पावसाळ्यात थोडी आणखी कापली जाते, आणि नदीकडची बाजू आधी जाते. कबरी दगडी असल्याने त्यांची तब्येत बरी आहे. शिरपूरहून सकाळी लवकर निघालात तर दोन्ही पाहून दुपारच्या आत परतता येते. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीच्या वाटांवरून किल्ल्याच्या कडेपर्यंत जाऊ नये.