‘पुन्हा मार’ ब्रॅग

शनिवार, रात्री उशिरा

आजचा वॉरहॅमरचा डाव हरले, म्हणजे टेबलावर छोट्या पुतळ्यांच्या फौजा लढवायच्या खेळाचा. हरण्याचं एवढं काही नाही. पण तिसऱ्या फेरीत माझ्या गार्डची, म्हणजे साध्या माणसांच्या फौजेची, दहा जणांची तुकडी एका दणक्यात साफ झाली, मी ती टेबलावरून उचलून डब्यात टाकली आणि मनात काही म्हणजे काही हललं नाही. दहा माणसं! रंगवलेली मीच. त्यातल्या एकाच्या भुवईपायी अख्खी संध्याकाळ गेली होती.

घरी येऊन ‘नेक्रोपोलिस’ ही याच विश्वातली कादंबरी पुन्हा उघडली. वेढ्यात सापडलेलं शहर, आणि आपलं घरदार गेलं असं समजून लढायला उभा राहिलेला खाणकामगार, गोल कोलिया. घसा दाटला. विश्व तेच, फौज तीच, हातातली लासगन ही लेझर बंदूकही तीच. मग तासाभरापूर्वी माझं काय झालं होतं?

खेळात गार्डच्या साध्या शिपायाला नेम लागायला फाशावर चार किंवा जास्त लागतात. म्हणजे निम्मा मारा फुकट, हे धरूनच चालायचं. चुकलेल्या फाशाकडे आपण बघतही नाही, बाजूला सारतो. ‘नेक्रोपोलिस’ ज्या मालिकेतलं, त्या ‘गॉन्ट्स घोस्ट्स’मध्ये लेखक डॅन ॲबनेटने तो चुकलेला फासा उचलला आणि एका माणसाच्या गळ्यात अडकवला. ब्रॅग. धिप्पाड, मऊ स्वभावाचा, जड तोफ एकटा वागवणारा, आणि नेमाच्या नावाने बोंब. सोबती त्याला ‘ट्राय अगेन’ म्हणतात. पुन्हा मार, बाबा. माझ्या टेबलावर जो निव्वळ हिशोब होता, त्याचं तिथे टोपणनाव झालं.

दुसरी गोष्ट टॅनिथची, ब्रॅग आणि त्याच्या सोबत्यांच्या ग्रहाची. फलटणी उभ्या राहिल्या त्याच दिवशी त्यांचा ग्रह संपतो. त्यांचा सेनानी गॉन्ट लढत बसत नाही. जेवढे वाचतील तेवढे घेऊन निघतो, आणि हेच शिपाई त्याला त्यासाठी माफ करत नाहीत. १९९९ च्या पहिल्या पुस्तकाचं नावच ‘फर्स्ट अँड ओन्ली’. नवी भरती आणणार कुठून, गावच उरलं नाही. माझे मेलेले मात्र पुढच्या शनिवारी डब्यातून ठणठणीत बाहेर येतात. मला वाटतं, सगळी मेख इथेच आहे. या कादंबऱ्या चालतात त्या जिथे काहीतरी संपत जातं तिथे.

म्हणूनच स्पेस मरीनच्या, या विश्वातल्या चिलखती महायोद्ध्यांच्या, बऱ्याचशा पुस्तकांशी माझं जमत नाही. आज यावरूनच डाव संपल्यावर समोरच्या गड्याशी तासभर वाजलं. त्याचं म्हणणं, मरीन नसतील तर वॉरहॅमर वाचायचंच कशाला! पण ज्यांना भीती ठाऊक नाही हीच ज्यांची ख्याती, त्यांच्यासाठी मी जीव मुठीत धरून का बसू? तीनशे पानं धडाधड बोल्टर, म्हणजे त्यांच्या बंदुका, चालतात, ज्याला फॅन मंडळी ‘बोल्टर पॉर्न’ म्हणतात, आणि शेवटी नायकाच्या चिलखतावर चार ओरखडे. त्यात हजार मरीनचा एक चॅप्टर, म्हणजे त्यांची एक अख्खी फौज, ग्रहच्या ग्रह जिंकतो. हजार जणांत ग्रह काय, एक मोठं शहर तरी राखता येईल का?

नाइट लॉर्ड्सवरची ॲरन डेम्ब्स्की-बाउडनची त्रयी मात्र माझीही लाडकी, हे त्याला कबूल करावंच लागलं. तेही मरीनच, वर खलनायक. पण त्यांच्याकडे दारूगोळा नाही, सुटे भाग नाहीत, चिलखतं मेलेल्यांच्या तुकड्यांनी डागडुजी केलेली. बघा, पुन्हा संपत जाणंच!

होरस हेरेसीवर, म्हणजे साम्राज्यातल्या यादवीच्या मालिकेवर, तो अजून रुसलाय. २००६ पासून ५४ पुस्तकं, मग टेराचा, म्हणजे पृथ्वीचा, वेढा ही वेगळी मालिका, त्यातलं शेवटचं पुस्तक तीन भागांत, आणि समाप्ती २०२४ मध्ये. शेवट काय, हे पहिल्या पानाआधीच सगळ्यांना माहीत. मी विसाव्याच्या आसपास गळाले. पहिली तीन अजूनही उत्तम, पुढे पाणी घालून वाढवलेलं वाटतं. मला तर या यादवीच्या जन्मकथेचीच जास्त गंमत वाटते: १९८८ च्या ‘अडेप्टस टायटॅनिकस’ खेळात एकाच साच्याचे महाकाय रोबो देणं परवडत होतं, म्हणून दोन्ही बाजू एकाच साम्राज्याच्या करून टाकल्या. भाऊ भावावर उठला तो साच्याच्या खर्चापायी.

सियाफस केन राहिलाच, स्वतःला भित्रा म्हणवणारा गार्डमधला अधिकारी. त्याच्या आठवणी आणि त्याखाली इन्क्विझिटर, म्हणजे साम्राज्याच्या तपास अधिकारी, व्हेलबाईंच्या खवचट तळटीपा. माझ्या गड्याला त्या पोरकट वाटतात. वाटोत.

रविवार

२०२१ च्या घोस्ट्सच्या पुतळ्यांच्या बॉक्समधला ब्रॅग दोन वर्षं नुसता प्रायमर मारून पडला होता. पुस्तकांत त्याचं काय होतं ते इथे लिहीत नाही, न वाचलेल्यांचे शाप नकोत. पण ते माहीत असताना त्याचे डोळे रंगवायला हात धजत नव्हता. आज रंगवले. डावा जरा तिरळा झाला, राहू दिला.

संध्याकाळी कालचाच गडी समोर. ब्रॅगची पाळी आली, फासे टाकले, पहिल्यावरच एक. मी इतकी हसले की तो वैतागला.

“हसतेस काय? नेम चुकला तुझा.”

“हो ना,” म्हटलं, आणि पुढचा फासा बघायचंच राहिलं.