तुम्ही विचारलंत म्हणून: जर्मन खरंच रुक्ष असतात का?

मी भाषाशास्त्र शिकते असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे किती भाषा येतात तुला?" त्याचं उत्तर ऐकून समोरच्याचा हिरमोड झाला की दुसरा येतो, आणि हा लेख त्या दुसऱ्यासाठी आहे. "बरं, मग सांग, फ्रेंच लोक खरंच उद्धट असतात का गं? आणि जर्मन रुक्ष? त्यांच्या बोलण्यावरूनच कळतं म्हणा." कधी हाच प्रश्न जरा नटूनथटून येतो. कुठल्याशा वेबसिरीजमध्ये ऐकलेले चार रांगडे शब्द पुढे केले जातात आणि विचारलं जातं, ज्यांची रोजची भाषा अशी, ती माणसं कशी असणार?

उत्तर आधीच देऊन टाकते. स्लँग असते गल्लीची आणि शिक्का बसतो देशावर. पहिलीच्या जोरावर दुसरा सिद्ध होत नाही. एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल, फक्त पुढचा पॅरिसचा किस्सा हुकेल.

पॅरिसच्या भोवती उपनगरांचा पट्टा आहे. उंच इमारती, स्थलांतरितांची वस्ती, त्यात उत्तर आफ्रिकेतून आलेल्यांची मुलं बरीच. या मुलांनी शब्द उलटे करून बोलण्याची जुनी खोड उचलली आणि तिची अख्खी भाषा केली. फ्रेंचमध्ये उलट्याला 'लांव्हेर' म्हणतात. तोच शब्द मधोमध तोडून फिरवला की 'व्हेरलां', हे या भाषेचं नाव. बाईला 'फाम', तर व्हेरलांमध्ये 'मफ'. 'अराब' फिरवून घासून त्याचा झाला 'बर'. लहानपणी आपण 'च'ची भाषा बोलायचो ती मोठ्यांना कळू नये म्हणून. इथेही हेतू तोच, फक्त मोठ्यांच्या जागी पोलीस, शिक्षक आणि उरलेला फ्रान्स.

१९८३ साली वंशद्वेषाच्या विरोधात मार्सेय ते पॅरिस असा मोर्चा निघाला आणि वर्तमानपत्रांनी त्याला 'बर लोकांचा मोर्चा' म्हणून टाकलं. शब्द बघता बघता टीव्हीवर आला, पुढाऱ्यांच्या तोंडी बसला, शब्दकोशात गेला. म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचा तेच तो मिरवू लागले. मग पोरांनी काय केलं? तोच शब्द पुन्हा एकदा उलटा केला. 'बर'चा झाला 'रबो'. मला भाषाशास्त्रातली ही सर्वात आवडती गोष्ट आहे. एखादा शब्द चोरीला गेला तर तक्रार करत न बसता त्यालाच कोलांटी मारायला लावायची, याला डोकं लागतं.

आता मला सांगा, हे 'रबो' म्हणणारं पोर फ्रेंच आहे की नाही? जन्माने, कागदपत्रांनी, शाळेने आहेच. पण 'फ्रेंच लोक कसे असतात' असं विचारताना तुमच्या डोळ्यांपुढे ते नक्कीच नव्हतं. आणि फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतातल्या एखाद्या खेड्यात राहणाऱ्या आजोबांना व्हेरलां तुमच्या-माझ्याइतकीच परकी. तिच्यावरून फ्रान्सचा स्वभाव काढायचा म्हणजे आजोबांवर अन्याय आणि पोरावरही.

इंग्लंडातली पोलारी अशीच. नाटकवाले, खलाशी, जत्रेतले खेळवाले आणि समलिंगी पुरुष यांच्यात ती बोलली जायची. इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांमधला समलिंगी संबंध १९६७ पर्यंत सरसकट गुन्हाच होता, तेव्हा भर गर्दीत एकमेकांशी बोलायला आडपडदा लागायचाच. इटालियनमधून उचललेला 'बोना' म्हणजे छान. 'हेअर'ची इंग्रजी अक्षरं उलटी लिहून केस झाले 'राया'. (मराठी वाचकाला यावर हसू येणार हे मला ठाऊक आहे.) मग साठच्या दशकात बीबीसीच्या एका विनोदी कार्यक्रमातली दोन पात्रं दर आठवड्याला पोलारीत बोलू लागली आणि घराघरात लोक खिदळू लागले. गुपित फुटलं. त्यातच कायदा बदलला आणि आडपडद्याची गरजही कमी झाली. पोलारी हळूहळू विझली. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांची नंदभाषाही याच जातकुळीतली: एकला 'केवली', दोनला 'अवारू', तीनला 'उधानू', म्हणजे गिऱ्हाइकासमोर भाव ठरवला तरी त्याला पत्ता लागू नये.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. स्लँग आतली माणसं करतात आणि बाहेरच्याला ती कळली की बदलतात किंवा सोडून देतात. देशाच्या नावावर ती कधीच नसते. वस्तीची असते, धंद्याची असते, वयाची असते. वीस वर्षांपूर्वी कॉलेजात असलेल्यांची स्लँग आजच्या पोरांपुढे बोलून बघा, कशी बघतात ते कळेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि ती फार कमी लोकांच्या ध्यानात येते. कुठल्याही भाषेच्या स्लँगचा कोश उघडा, पानंच्या पानं कशाने भरलेली असतात? दारू, पैसा, पोलीस, शरीर, शिव्या, मूर्खपणा. जिथे सरळ बोलायची सोय नसते किंवा सरळ बोलण्यात मजा नसते तिथेच ही भाषा साठते. त्यामुळे "त्यांच्यात झिंगण्याला किती शब्द आहेत बघ, पक्के बेवडे असणार" हे विधान कुठल्याही देशाला लागू पडतं. आपल्याला धरून. 'झोल', 'राडा' आणि 'लफडं' एवढे तीन शब्द शिकून एखादा परदेशी मराठी माणसाच्या स्वभावावर बोलायला लागला तर आपण त्याला कुठे ठेवू? शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण अख्खा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो म्हणून.

मग हे शिक्के येतात कुठून? ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रंगवलेलं एक चित्र आहे. 'राष्ट्रांचा तक्ता' म्हणा. वर दहा पुरुष आपापल्या वेशात ओळीने उभे: स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, जर्मन, इंग्रज, स्वीडिश, पोलिश, हंगेरियन, रशियन, आणि शेवटच्या रकान्यात "तुर्क किंवा ग्रीक". तुर्क आणि ग्रीक एकाच रकान्यात! खाली आडव्या ओळींत प्रत्येकाचे गुणदोष, आवडी, आजार, अगदी मरण कुठे येतं तेसुद्धा. स्पॅनिश माणूस अंथरुणात मरतो, फ्रेंच लढाईत, जर्मन दारूत, इंग्रज पाण्यात, रशियन बर्फात. स्वभावाच्या ओळीत स्वीडिश माणूस क्रूर, पोलिश 'त्याहून रानटी', हंगेरियन 'सर्वात क्रूर', आणि रशियनापाशी पोचेस्तोवर तक्ता करणाऱ्याची शब्दसंपत्ती संपलेली दिसते, कारण तिथे फक्त 'चांगलाच हंगेरियन' असं लिहिलंय. जर्मनाच्या रकान्यात काय आहे? 'बराच चांगला'. तक्ता कुणी केला हे वेगळं सांगायला नको.

यात स्वीडिश माणसाकडे परत बघा. आज कुणालाही विचारलं तर स्वीडिश म्हणजे शांत, समंजस, रांगेत अंतर राखून उभा राहणारा. तीनशे वर्षांपूर्वी तो क्रूर, कारण तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश फौजांनी जर्मन मुलखात घातलेला धुमाकूळ लोक विसरले नव्हते. शिक्का माणसाच्या स्वभावाचा नव्हता, शेजाऱ्याच्या आठवणीचा होता.

आता म्हणाल, ते जुनं झालं. मग १९३३ घ्या. डॅनियल कॅट्झ आणि केनेथ ब्रेली या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या १०० विद्यार्थ्यांपुढे ८४ विशेषणांची यादी ठेवली आणि दहा जमातींना त्यातली लावायला सांगितली. जर्मनांना मिळालं शास्त्रीय वृत्तीचे आणि कष्टाळू. तुर्कांना क्रूर. त्या पोरांपैकी कितीजणांनी आयुष्यात जिवंत तुर्क पाहिला असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. जपानी तेव्हा हुशार आणि मेहनती होते. १९५१ साली त्याच विद्यापीठात तोच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा जपानी नकलाखोर आणि धूर्त निघाले. मधे जपानने अमेरिकेच्या पर्ल हार्बरवर हल्ला केला होता. १९६९ साली छापून आलेल्या तिसऱ्या फेरीत ते पुन्हा मेहनती. जपानी माणसाचा स्वभाव चाळीस वर्षांत दोनदा पालटला असं मानायचं असेल तर माना, माझी तयारी नाही.

आजारांच्या बाबतीत तर हा प्रकार फारच उघडा पडतो. १४९५ च्या सुमारास इटलीतल्या नेपल्सला गेलेल्या फ्रेंच फौजेत उपदंशाची, म्हणजे सिफिलिसची, साथ पसरली. इटालियन त्याला फ्रेंच रोग म्हणू लागले, फ्रेंच नेपल्सचा रोग म्हणाले, रशियनांनी तो पोलंडच्या खाती मांडला. आपणही मागे नव्हतो. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्याचं नाव आहे फिरंग रोग.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो रास्त आहे: बाहेरच्यांचं सोडा, पण एखाद्या देशाचे लोक स्वतःच म्हणत असतील की आम्ही असे आहोत, तर? सिंगापूरचं उदाहरण त्यासाठी एकदम फिट्ट. तिथली सिंग्लिश ही बहुधा माझ्या गल्लीच्या सिद्धांताला सर्वात मोठा अपवाद. ती कुठल्या एका वस्तीची राहिलेली नाही, देशभर चालते (देशच एका शहराएवढा आहे हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवते). सरकारला तिची लाज वाटली म्हणून २००० साली 'चांगलं इंग्रजी बोला' अशी मोहीम निघाली. २०१६ साली ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने सिंग्लिशचे बरेच शब्द एकदम दाखल करून घेतले, तेव्हा मोहीमवाल्यांना काय वाटलं असेल देव जाणे. या सिंग्लिशमध्ये 'कियासू' हा हॉकिएन चिनीतून आलेला शब्द आहे: आपण मागे पडू, आपल्या वाटणीचं दुसरा घेऊन जाईल, या धास्तीने सतत पुढे पुढे करणारा. आणि सिंगापूरकर तो स्वतःलाच हसत हसत लावतात.

म्हणजे स्लँग घरची आणि शिक्काही घरचा. तरी तो खरा ठरतो का? २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात अंतोनियो तेराच्चानो, रॉबर्ट मॅक्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. ४९ संस्कृतींतल्या लोकांना त्यांनी विचारलं, तुमच्याकडचा सर्वसाधारण माणूस कसा असतो? मग तिथल्या खऱ्याखुऱ्या माणसांच्या व्यक्तिमत्त्वाच्या मोजमापांची सरासरी त्या उत्तरांशी ताडून पाहिली. मेळच बसेना. अमेरिकनांना आपण भलतेच आक्रमक वाटत होतो, कॅनडावाल्यांना आपण मवाळ, आणि मोजल्यावर दोघे जवळपास सारखेच. आपल्याबद्दल आपण जे सांगतो तीसुद्धा पुष्कळदा ऐकीवच गोष्ट असते.

देशादेशांत फरक नसतातच असं मात्र मी म्हणत नाही, हे कृपा करून माझ्या तोंडी घालू नका. अनोळखी माणसाशी पहिलं वाक्य काय बोलायचं, नकार तोंडावर द्यायचा की वळसा घालून, गप्प राहणं सभ्यपणाचं की तुसडेपणाचं, हे संकेत जागोजागी वेगळे असतात आणि ते शिकावेच लागतात. पॅरिसच्या दुकानात शिरल्यावर आधी 'बाँझूर' न म्हणता थेट वस्तू मागितली तर दुकानदार तुटक वागेल. तो उद्धट नाही, त्याच्या लेखी उद्धटपणा तुम्ही आधी केलेला आहे. जर्मन सहकाऱ्याने "हे चुकलंय" असं सरळ सांगितलं तर तो बहुतेक वेळा कामाबद्दल बोलत असतो. हे नियम आहेत, स्वभाव नाहीत. नियम आठवड्याभरात कळतो. स्वभावाचं म्हणाल तर घरातल्या माणसाचाही कळता कळत नाही.

आता उरला व्यवहाराचा प्रश्न, कारण परदेशी शिकायला निघालेल्या मैत्रिणी तोच विचारतात: मग तिथली स्लँग शिकून जाऊ का? जा की. पण कानासाठी शिका, तोंडासाठी नको. 'तिथल्या तरुणांसारखं बोला' छापाच्या याद्यांत शब्द पोचेपर्यंत तिथल्या तरुणांनी तो टाकून दिलेला असण्याचीच शक्यता जास्त, आणि शिव्यांच्या बाबतीत तर धाडस करूच नका, कारण कुठली शिवी मायेची आणि कुठली मारामारीची हे यादीत लिहिलेलं नसतं. त्यांनी तुमच्याशी बोलताना एखादा शब्द चारदा वापरला, की पाचव्यांदा तुम्ही वापरा. हसले तर हसू द्या.