रुमालाची मागची बाजू

कार्यानुभवाच्या तासाला बाई रुमाल हातात घ्यायच्या आणि आधी उलटा करायच्या. पुढून साखळी टाका कितीही सरळ असो, मागे गाठी आणि लोंबते दोरे दिसले की "उसव" एवढंच म्हणायच्या. सातवीत माझा एक रुमाल तीनदा उसवला गेला. शेवटी त्या कापडाला टाक्यांपेक्षा भोकंच जास्त झाली होती. मुलांना कशाला हवंय हे शिवणकाम, अशी आमची मागच्या बाकावरची कुजबुज वर्षभर चालली. शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा तोच रुमाल आठवला. कारण आहे क्योतोतला एक आरसा.

डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला असताना दोन आठवड्यांच्या विद्यार्थी देवाणघेवाणीसाठी आम्ही जपानला गेलो. आम्ही तिघं आणि तिथले तिघं, असा एक गट. विषय दिलेला होता : परंपरा आणि नवता. अशा विषयावर विद्यार्थी जे करतात तेच आम्ही ठरवलं. किमोनोवर बांधतात तो ओबी, म्हणजे चार मीटरहून लांब कमरपट्टा, त्यात वीज वाहणारा धागा विणायचा आणि बारीक दिवे लावायचे. परंपरा त्यांची, नवता आमची, असा साधारण हिशेब होता. तो किती उथळ होता हे निशिजिनमध्ये कळलं.

निशिजिन ही क्योतोतली विणकरांची वस्ती. नावाचा अर्थ 'पश्चिमेची छावणी'. 1467 ते 1477 असं दहा वर्षं चाललेलं युद्ध संपल्यावर विणकर त्या छावणीच्या जागी वसले. घरं दर्शनी बाजूला अरुंद आणि आत लांबच लांब. त्यांना 'ईल माशाचं अंथरूण' म्हणतात. आम्ही तिथे 'शुद्ध जुनं' काहीतरी बघायला गेलो होतो. पहिल्याच दालनात जॅकार्ड माग दिसला, म्हणजे छिद्रांच्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून नक्षी विणणारा. फ्रान्समधला!

त्याची गोष्ट अशी. 1869 मध्ये सम्राट टोकियोला गेले आणि दरबाराचं मोठं गिऱ्हाईक गेल्यामुळे निशिजिनचे माग थंडावले. तेव्हा 1872 मध्ये इथून तिघांना फ्रान्समधल्या लियाँ शहरात विणकाम शिकायला पाठवलं. दोघं यंत्रं घेऊन परतले. मागे राहिलेला योशिदा चुशिची परतीच्या वाटेवर, 1874 मध्ये, जपानच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून गेला. पुढे 1877 मध्ये अराकी कोहेई या कारागिरानं तो परदेशी माग लाकडात घडवला. म्हणजे आम्ही ज्याला परंपरा म्हणत होतो ती एका अभ्यासदौऱ्यातून आली होती, आणि त्या दौऱ्यात एक माणूस जिवानिशी गेला होता. आमची त्या प्रवासातली सगळ्यात मोठी तक्रार होती बॅगेच्या जादा वजनाची.

पण आरसा होता पुढच्या खोलीत. तिथे एक वयस्कर बाई त्सुझुरे, म्हणजे हातानं नक्षी भरत विणायचं कापड, विणत होत्या. यात यंत्र नाही. नक्षीचा कागद ताण्याखाली, म्हणजे उभ्या धाग्यांखाली, ठेवायचा आणि प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, तेवढ्याच भागात मागेपुढे न्यायचा. धागा ठोकायला त्या नखं वापरत होत्या. कानशीनं घासून नखांना करवतीसारखे दात पाडलेले. आणि त्या विणत होत्या ती कापडाची उलटी बाजू. सुलटी बाजू खाली. ती दिसावी म्हणून मागाखाली हातआरसा धरायचा. मी वाकून आधी आरशात पाहिलं, मग वर. समोर ती सगळी मागची बाजूच होती आणि तिच्यावर एकही टोक भरकटलेलं नव्हतं. "उसव" हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला, मराठीत.

आमचं काम अर्थातच बिघडलं. छोट्या चौकटीवर नमुना विणताना मी हौसेनं पैठणीची पद्धत सुचवली होती. दोन रंग जिथे भेटतात तिथे पैठणीत बाण्याचे धागे एकमेकांत अडकवतात, म्हणून कापडात फट राहत नाही. आमच्या नमुन्यात मात्र एका बाजूला धन टोकाचा धागा होता आणि शेजारी ऋण टोकाचा. दोन्ही पोलादी. ते एकमेकांत अडकवले की काय होणार, हे आठवीतल्या विज्ञानानंही सांगितलं असतं! दिवा लागला नाही, बटणासारखा सेल तेवढा कोमट झाला. उरलेली कसर मागे लोंबणाऱ्या टोकांनी भरून काढली.

गटातल्या एका जपानी मुलीच्या लक्षात आलं की त्सुझुरेत उभ्या सीमेवर दोन रंग अडकवत नाहीत. तिथे बारीक चीर राहते. कापड म्हणून ती जपावी लागते, पण आम्हाला हवी होती तीच. धन आणि ऋण धाग्यांमध्ये चीर ठेवली की वेगळं आवरण नको, चिकटपट्टी नको. रात्री बसून सगळं उसवलं (मला सराव होता) आणि पुन्हा विणलं. सादरीकरणात चारपैकी तीन दिवे लागले. चौथा का लागला नाही, यावर आमचे अजून दोन पक्ष आहेत.

त्या विणकर बाई सादरीकरणाला आल्या होत्या. दिव्यांकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही. नमुना हातात घेतला, उलटा केला, अंगठ्यानं चिरेवरून एकदा खालपर्यंत गेल्या आणि टोकं कुठे लपवली ते शोधत राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत. मी मात्र सातवीतल्यासारखा हात मागे बांधून उभा होतो.

महोत्सवाला येताना तो नमुना घेऊन येतो आहे. आमच्या कार्यानुभवाच्या बाई आल्या तर त्यांच्या हातात द्यायचा आहे. मागे दोन गाठी आहेत, ते आताच कबूल करतो.